पाच टक्के माती घालायची कशी?

दर जूनमध्ये भोसरीच्या आमच्या कंपाउंडिंग युनिटमध्ये एम.टेक.ची दोन-तीन मुलं प्रोजेक्टला येतात. सगळ्यांना नॅनोकंपोझिट, म्हणजे मातीचे अतिसूक्ष्म थर मिसळलेलं प्लास्टिक, करायचं असतं. वहीच्या पहिल्या पानावर रेसिपी म्हणून एकच ओळ असते: 'नायलॉन ६, ऑर्गॅनोक्ले ५ टक्के.' ऑर्गॅनोक्ले म्हणजे प्लास्टिकला मानवावी म्हणून क्षार लावलेली माती. मी वही परत देते आणि विचारते, माती कोरडी घालणार की वितळलेल्या नायलॉनमध्ये? आधी वाळवणार किती वेळ? मशीनमध्ये ती किती सेकंद राहील? मुलं एकमेकांकडे बघतात.

बेसन तेच, पाणी तेच, फोडणी तीच. पीठ एकदम ओतलं तर गुठळ्या होतात, वैरत आणि घोटत गेलं तर पिठलं होतं. घरी हे कुणी वहीत लिहून ठेवत नाही, कारण बघून बघून हाताला कळलेलं असतं. मातीच्या बाबतीत हाताला काही कळत नाही, गुठळी डोळ्याला दिसत नाही, म्हणून कृती लिहून ठेवावी लागते. ही माझी कृती. अठरा वर्षं ट्विन-स्क्रू एक्स्ट्रूडरच्या (दोन स्क्रूंनी प्लास्टिक वितळवून, मिसळून बाहेर ढकलणाऱ्या मशीनच्या) शेजारी काढली आहेत, त्यामुळे वितळवून मिसळण्याबद्दल जास्त बोलणार, हे आधीच सांगते.

माती म्हणजे कुठली

माँटमोरिलोनाइट. फ्रान्समधल्या माँटमोरिलाँ गावावरून पडलेलं नाव. ही ज्यात भरपूर असते ते बेंटोनाइट तुम्ही पाहिलेलं आहे: पायलिंगच्या साइटवर खड्ड्यात ओततात तो राखाडी चिखल, किंवा इलेक्ट्रिशियन अर्थिंगच्या खड्ड्यात टाकतो ती पावडर. आपल्याकडे ते मुख्यतः कच्छ आणि राजस्थानातून येतं.

आतून बघितलं तर ही पापडांची चळत आहे. एकेक पापड साधारण १ नॅनोमीटर जाड आणि शंभर ते काहीशे नॅनोमीटर रुंद. प्रत्येक पापडावर ऋण भार असतो, आणि तो भागवायला दोन पापडांमधल्या फटीत सोडियम बसलेलं असतं. या फटीला आम्ही गॅलरी म्हणतो. एका ग्रॅममधले सगळे पापड सुटे झाले तर सुमारे ७५० चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. पाच टक्क्यांत काम होतं ते याच हिशोबावर. पण पापड सुटे झाले तर.

मिसळल्यावर तीन गोष्टी होऊ शकतात. चळत तशीच्या तशी पॉलिमरमध्ये पडून राहते. मग तुम्ही साधा फिलर घातलात, खडूची पावडर घातली असती तरी चाललं असतं. किंवा पॉलिमरच्या साखळ्या गॅलरीत शिरतात, चळत फुगते पण क्रम टिकतो, हे इंटरकॅलेशन. किंवा पापड पूर्ण सुटून इकडे तिकडे पसरतात, हे एक्सफोलिएशन. प्रबंधात यांची तीन स्वच्छ चित्रं काढतात. प्रत्यक्षात एकाच दाण्यात तिन्ही सापडतात आणि प्रश्न फक्त प्रमाणाचा असतो. ते प्रमाण ठरवते तुमची कृती.

आधी मातीचा स्वभाव बदला, किंवा बदलू नका

सोडियमवाली माती पाण्याची. तिला पाण्यात विरघळणारे पॉलिमर आवडतात, तेलकट आवडत नाहीत. पॉलिप्रॉपिलीनमध्ये ती तशीच टाकली तर काहीही होणार नाही. म्हणून सोडियम काढून त्या जागी लांब शेपटीचा अमोनियम क्षार बसवतात. तयार मिळतो, पण एकदा तरी स्वतःच्या हाताने करा, कारण मातीची ओळख इथेच होते.

१० ग्रॅम माती घ्या आणि ५०० मिली पाणी. पाणी आधी ढवळत ठेवा, भोवरा पडू द्या, आणि माती चिमूट चिमूट वैरा. एकदम ओतलीत तर बाहेरचा थर लगेच फुगून जेल होतो आणि आतली माती कोरडीच राहते. असा गोळा मी चमच्याने फोडून पाहिलाय. आतून पावडर धुरळ्यासारखी उडाली होती. रात्रभर ढवळत ठेवा. सकाळी भांडं थोडा वेळ स्थिर ठेवलं की तळाला बारीक रेती बसते. ती क्वार्ट्झ. वरचं दुधट पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओतून घ्या, रेती टाकून द्या.

क्षार किती घालायचा हे अंदाजाने ठरवू नका. मातीच्या पाकिटावर कॅटायन-एक्स्चेंज क्षमता, म्हणजे माती किती धन आयन बदलून घेऊ शकते ते, लिहिलेली असते. समजा ती १०० ग्रॅमला ९२.६ मिलिइक्विव्हॅलंट आहे. मग १० ग्रॅमला ९.२६. सीटॅब हा असाच एक लांब शेपटीचा अमोनियम क्षार, त्याचा रेणुभार ३६४.४५, म्हणजे लागला ३.३७ ग्रॅम. थोडा जास्त म्हणून १.१ ने गुणा: ३.७ ग्रॅम. गरम पाण्यात विरघळवून ७० अंशांवर हळूहळू ओता. ओतताच दुधट पाणी फाटल्यासारखं होतं आणि पांढरे गुठळे वर येतात. घाबरू नका, तेच हवंय; मातीने पाण्याशी काडीमोड घेतला. तीन-चार तास ढवळा, गाळा, आणि गरम पाण्याने धुवा. धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर गढूळपणा येतोय तोवर धुतच राहा. हे कंटाळवाणं आहे, फिल्टर पेपर चोंदतो, दुपार जाते. पण उरलेला क्षार पुढे एक्स्ट्रूडरमध्ये सगळ्यात आधी जळतो, तेव्हा कंटाळा इथेच सोसा. ६० अंशांवर वाळवा, खलात दळा, ३२५ मेशच्या चाळणीतून काढा.

विकतच्या ऑर्गॅनोक्लेतही निवड असते आणि ती लोक डोळे मिटून करतात. नायलॉन ६ ला एका शेपटीचा क्षार लावलेली माती जास्त मानवते, पॉलिप्रॉपिलीनला दोन शेपट्यांची. कारण सोपं आहे. नायलॉन ध्रुवीय आहे, त्याला मातीच्या उघड्या पृष्ठभागाशीच सलगी करायची असते, शेपट्या मध्ये आल्या तर अडचण. पॉलिप्रॉपिलीनला पृष्ठभाग नकोसा, शेपट्याच हव्याशा.

द्रावणातून

लॅबमध्ये नुसता बीकर आणि स्टरर असेल तर इथून सुरुवात करा. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल ९० अंशांच्या पाण्यात विरघळवा, थंड करा, त्यात सोडियमवाल्या मातीचं रात्रभर भिजवलेलं पाणी मिसळा, सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी हलवणाऱ्या यंत्रात) थोडा वेळ ठेवा, पेट्री डिशमध्ये ओतून वाळवा. ऑर्गॅनोक्ले इथे वापरू नका, ती पाण्यावर तरंगत बसेल.

ओतताना पापड जवळजवळ सगळे सुटे असतात. घात होतो तो वाळताना. पाणी जाईल तसे पापड एकमेकांजवळ येतात आणि काही परत चळत करून बसतात. मातीचं प्रमाण वाढवाल तसं हे वाढतं. म्हणून फिल्मच्या वहीत वाळवण्याचं तापमान, थराची जाडी आणि लागलेले तास हवेतच. एका मुलीने एकाच बीकरमधल्या दोन फिल्म दोन वेगळ्या दिवशी वाळवल्या, एक ओव्हनमध्ये आणि एक पावसाळी हवेत टेबलावर, आणि दोन्हींचे आलेख वेगळे आले म्हणून रडकुंडीला आली. मी म्हटलं, अगं, हाच तुझा रिझल्ट आहे.

क्रमाचं महत्त्व मला सगळ्यात चांगलं स्टार्चमध्ये दिसलं. स्टार्च मऊ करायला ग्लिसरॉल घालतात. ग्लिसरॉलचा रेणू छोटा आणि चपळ, तो स्टार्चच्या आधी गॅलरीत घुसून जागा अडवतो. गॅलरी फुगलेली दिसते, आपण खूश होतो, पण आत स्टार्च नसतोच. पुण्यातल्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी २००५ मध्ये छापलेल्या कामात हा क्रम तपासला होता: आधी स्टार्च आणि माती एकत्र करून मागाहून ग्लिसरॉल घातलं तर नमुना सरस ठरला. साहित्य तेच, वजनं तीच, फक्त बाटली उघडण्याचा क्रम वेगळा.

मोनोमरपासून

या सगळ्या प्रकाराला तोंड फुटलं ते जपानमध्ये, टोयोटाच्या संशोधन केंद्रात. त्यांनी तयार नायलॉन मातीत घुसवण्याच्या भानगडीत न पडता मातीला १२-अमिनोडोडेकॅनॉइक आम्ल लावलं, वितळलेल्या कॅप्रोलॅक्टममध्ये (नायलॉन ६ ज्यापासून बनतो तो मोनोमर, म्हणजे साखळीचा सुटा दुवा) ती फुगवली, आणि मग तापमान चढवून गॅलरीच्या आतच नायलॉन ६ वाढवला. वाढणाऱ्या साखळ्यांनीच पापड ढकलून दूर केले. १९९३ च्या सुमारास त्यांचे आकडे जगापुढे आले: ४ टक्क्यांच्या आसपास मातीने ताठपणा १.१ वरून २.१ गिगापास्कल, ताणबळ ६९ वरून १०७ मेगापास्कल, आणि भाराखाली वाकण्याचं तापमान ६५ वरून १४५ अंशांवर. टायमिंग बेल्टचं कव्हर म्हणून तो माल गाडीतही गेला. तेव्हापासून प्रत्येक प्रोजेक्टच्या प्रस्तावनेत हे आकडे असतात. पण ते ज्या कृतीतून आले ती न करता आकड्यांची अपेक्षा धरली जाते, हे मला खटकतं.

कॅप्रोलॅक्टमची रिअॅक्टर सगळ्यांकडे नसते. छोट्या लॅबला या पद्धतीतलं झेपेल ते इपॉक्सी. रेझिनमध्ये ऑर्गॅनोक्ले ८० अंशांवर काही तास ढवळा, व्हॅक्यूममध्ये बुडबुडे काढा, मग हार्डनर. इथे खरी शर्यत गॅलरीच्या आत आणि बाहेर यांच्यात असते. बाहेरचं रेझिन आधी घट्ट झालं तर चळत जिथे आहे तिथेच कोंडली जाते. आतलं बरोबरीने किंवा थोडं आधी वाढलं तरच पापड सुटतात. म्हणून पाच मिनिटांत सेट होणारा हार्डनर या कामाचा नाही. सावकाश, तापवून सेट होणारा घ्या, आणि जमल्यास प्राथमिक अमोनियम लावलेली माती, जिचा आम्लपणा गॅलरीतल्या क्रियेला चालना देतो.

वितळवून

१९९३ मध्येच अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून दाखवलं गेलं की द्रावक नको, मोनोमर नको; वितळलेलं पॉलिस्टायरीन ऑर्गॅनोक्लेत आपसूक शिरतं. आमच्यासारख्या युनिटचा जीव या पद्धतीत आहे, कारण मशीन तर उभंच आहे.

नायलॉन ६ घेऊ. दाणे ८० अंशांवर व्हॅक्यूममध्ये रात्रभर वाळवा. मातीही वाळवा, ती नायलॉनपेक्षा जास्त पाणी पिऊन बसलेली असते. माझ्या दुसऱ्या वर्षी मी दाणे वाळवले आणि मातीची पिशवी जुलैत उघडी ठेवली. डायमधून (मशीनच्या तोंडातून) सूत येईना, नुसता फेस आणि फटफट आवाज. एक्स्ट्रूडरवरचे मामा म्हणाले, "मॅडम, भजी तळताय का?" ती भजी पुढे महिनाभर ऐकावी लागली.

दाणे आणि पावडर एकत्र करून हॉपरमध्ये टाकू नका. पावडर दाण्यांमधून घरंगळून खाली बसते, पहिली पाच मिनिटं माती आठ टक्के जाते आणि शेवटची पाच मिनिटं दोन. नायलॉनही दळून पावडर करून घ्या, किंवा साइड फीडरने (बाजूच्या तोंडातून) वितळलेल्या भागात माती सोडा. साइड फीडर असेल तर त्याच्या पुढे नीडिंग ब्लॉक (माल मळणारे स्क्रूचे तुकडे) हवेत आणि त्याच्याही पुढे व्हेंट (वाफ बाहेर सोडणारं तोंड). फीडर डायच्या जवळ लावून "माती कमी जळते" म्हणणारे भेटतात. जळत नाही हे खरं, पण सुटतही नाही.

इथे एक गैरसमज मुळातून काढायला हवा. मुलांना वाटतं की जितकं जोरात घुसळू तितके पापड सुटतील. चळत फुटते ती दोन टप्प्यांत. आधी शिअरने (घासून सरकवणाऱ्या जोराने) मोठा कण फुटून छोट्या चळती होतात आणि त्या एकमेकींवरून सरकतात. मग साखळ्या कडेने शिरून वरचा पापड सोलून काढतात, जसा ओलसर पापड आपण नखाने कडेला धरून सोडवतो. पहिल्याला जोर लागतो, दुसऱ्याला वेळ. आरपीएम चढवलं तर मालाला मशीनमध्ये मिळणारा वेळ कमी होतो, आणि स्क्रू फार आक्रमक असेल तर पापडच मोडतात, म्हणजे ज्या रुंदीसाठी सगळा खटाटोप तीच गेली. मधला स्क्रू, मधली गती, बऱ्यापैकी लांब मुक्काम. नायलॉन मात्र जास्त रेणुभाराचा घ्या. तो घट्ट वाहतो, त्यामुळे तोच आरपीएम ठेवूनही चळतीवर ताण जास्त येतो. सिंगल-स्क्रूवर करून बघायची हौस असेल तर करा. मग पातळ फिल्म दाबून ट्यूबलाइटसमोर धरा. ठिपके दिसले तर ती माती आहे.

तापमानाचं भान ठेवा. अमोनियम क्षार १८० ते २०० अंशांच्या पुढे तुटायला लागतो, आणि नायलॉन ६ तर २२० ला वितळतो. म्हणजे आपण उधारीच्या वेळेवर काम करतोय. बॅरल २४० च्या आत ठेवा. सूत पिवळट येणारच. तपकिरी आलं आणि माशासारखा वास सुटला तर क्षार गेला. शेपट्या तुटल्या की गॅलरी मिटते. नायलॉन ६६ ला २७५-२८० लागतात, म्हणून त्यात हीच माती नायलॉन ६ इतकी छान सुटत नाही. तिथे मुलांनी स्वतःला दोष देऊ नये.

पॉलिप्रॉपिलीनचं वेगळं. तिथे मॅलिक अॅनहायड्राइड जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन मध्यस्थ म्हणून हवंच, मातीच्या साधारण तिप्पट. सगळं एकदम टाकण्यापेक्षा आधी माती आणि मध्यस्थ यांचा मास्टरबॅच (भरपूर मातीचं दाट मिश्रण) करा, मग तो साध्या पॉलिप्रॉपिलीनमध्ये उतरवा. दोनदा मशीनमधून जातं, खर्च वाढतो, मालक कुरकुरतात. तरी हेच करा.

काय झालं ते बघायचं कसं

एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांनी थरांमधलं अंतर मोजणं, सगळेच करतात. शिखर कुठे आहे ते बघा: तांब्याच्या नळीची तरंगलांबी ०.१५४ नॅनोमीटर, तिला दोन गुणिले साइन थीटाने भागलं की थरांमधलं अंतर. क्लोइसाइट ३०बी या विकतच्या ऑर्गॅनोक्लेचं शिखर टू-थीटा ४.८ अंशांजवळ, म्हणजे १.८५ नॅनोमीटर. कंपोझिटमध्ये ते डावीकडे सरकलं तर साखळ्या शिरल्या. उजवीकडे सरकलं तर गॅलरी मिटली. तापमानाची वही काढा.

आणि शिखर नाहीसं झालं तर? तर लगेच 'एक्सफोलिएटेड' लिहू नका. मी लिहिलं होतं. पॉलिप्रॉपिलीनचा माल होता, स्कॅन ३ अंशांपासून सुरू केला होता, आलेख सपाट आला, मी ग्राहकाला आनंदाने रिपोर्ट पाठवला. त्यांच्याकडे पट्ट्या खडूसारख्या मोडल्या. परत १ अंशापासून स्कॅन केल्यावर शिखर २.६ अंशांवर ऐटीत उभं होतं, म्हणजे ३.४ नॅनोमीटर. ३ अंशांपासून बघणाऱ्याला २.९ नॅनोमीटरच्या पुढचं काही दिसतच नाही, हे गणित मी आधी करायला हवं होतं. शिवाय माती कमी असेल किंवा चळती वेड्यावाकड्या झाल्या असतील तरी शिखर विरतं. इंजेक्शन मोल्डेड पट्टीच्या पृष्ठभागावर पापड सगळे आडवे झोपतात आणि शिखर उगाच मोठं दिसतं, तेव्हा दोन नमुन्यांची तुलना करताना दोन्ही एकाच पद्धतीने बनवा.

टीईएमचा (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने फोटो काढण्याचा) खर्च झेपत असेल तर करा, पण एका सुंदर फोटोवर विसंबू नका; तो फोटो आहे पन्नास-साठ नॅनोमीटर जाडीच्या कापाचा आणि ज्याने काढला त्याने छान जागा निवडलेली असते. कमी-जास्त विस्ताराचे चार फोटो मागा. ऱ्हिओमीटर (वितळलेला माल कसा वाहतो ते मोजणारं यंत्र) असेल तर तो जास्त प्रामाणिक: कमी फ्रिक्वेन्सीला स्टोरेज मॉड्युलस (मालाचा लवचिक ताठपणा) खाली न जाता सपाट झाला तर मातीचं जाळं तयार झालंय, आणि हे अख्ख्या नमुन्याबद्दल बोलतं, कापाबद्दल नाही.

राखेची चाचणी विसरू नका. ३०बी जाळली की सुमारे ३० टक्के वजन उडतं, कारण तेवढा क्षारच असतो. म्हणजे ५ टक्के घातलेल्या मालात राख ३.५ टक्के यायला हवी. सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या दाण्यांची वेगवेगळी राख काढा. तिन्ही आकडे जुळले नाहीत तर फीडर दुरुस्त करा, तोवर बाकीच्या चाचण्यांवर पैसे घालवू नका.

रन संपल्यावर नायलॉन वितळलेला असतानाच मशीन एचडीपीईने (एक प्रकारच्या पॉलिथिलीनने) पर्ज करा, म्हणजे आतून धुऊन काढा. सूत आधी पिवळं, मग डागाळलेलं पांढरं, मग स्वच्छ येतं. स्वच्छ दिसल्यावर अजून किलोभर काढा. नीडिंग ब्लॉकच्या मागे अडकलेली माती त्या शेवटच्या किलोत येते. नाहीतर ती उद्या सकाळच्या पाळीत मामांच्या पारदर्शक मालात येते, आणि मग भजी परवडली असं वाटतं.